तीन ओएस, एक डीबगर: मेसेज कितपत सारखे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा सी++ डीबगर (चालू प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन) लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे ओएसवर, चालतो. एकच प्रोग्राम एकाच ओळीवर कोसळला तरी तिन्हीकडे वेगळं वाक्य येतं. माहितीपुस्तिकेत तीन-तीन स्क्रीनशॉट टाकावे लागतात, टेस्टमध्ये तीन-तीन नमुने लिहावे लागतात, आणि वापरणारे विचारतात की हा एकच बग आहे की तीन. म्हणून टीममध्ये असं ठरत आलंय की सगळ्या मेसेजचं एक मोठं टेबल करायचं, प्रत्येक ओएसचा एरर कोड त्यातल्या एकेका वाक्याला जोडायचा आणि विषय संपवायचा. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. टेबल जरूर करा, पण त्याआधी प्रत्येक मेसेज वाचून ठरवा की तिथे नक्की कोण बोलतंय. डीबगरच्या तोंडून येणारी वाक्यं तीन जातींची असतात. काही डीबगरची स्वतःची: ब्रेकपॉइंट (थांबायला सांगितलेली जागा) लागला, थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) थांबला, सिम्बॉल (कोडमधली नावं) सापडले नाहीत. ही तिन्हीकडे शब्दशः सारखी असायलाच हवीत, तिथे वाद नको. काही ओएसची असतात आणि डीबगर ती फक्त पोचवतो: सिग्नलचं (ओएसने प्रोग्रामला पाठवलेल्या सूचनेचं) नाव, एक्सेप्शनचा आकडा, परवानगी नाकारल्याची नोंद. ही जशीच्या तशी राहू द्यावीत. आणि तिसरी जात अनुमानाची: ओएस एक गोष्ट सांगते आणि तिच्यावरून डीबगर म्हणतो की हा बहुतेक नल पॉइंटर (शून्य पत्ता धरलेला, कुठेच न दाखवणारा) असावा. सरसकट टेबल केलं की या तिन्ही जाती एकाच रांगेत बसतात, अनुमान वस्तुस्थितीसारखं छापलं जातं, आणि वापरणारा चुकीच्या दिशेने दोन दिवस घालवतो.

आधी सोपं उदाहरण घेऊ. नल पॉइंटरमधून वाचायचा प्रयत्न केला. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर सांगतो की प्रोग्रामला सिगसेगव्ही हा सिग्नल मिळाला, सेगमेंटेशन फॉल्ट. मॅकवर एलएलडीबी सांगतो ईएक्ससी-बॅड-ॲक्सेस, कोड १, पत्ता शून्य. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ एक्सेप्शनचा हेक्स (सोळाच्या पायाचा) आकडा देतो, सी००००००५, आणि पुढे म्हणतो की अमुक पत्त्यावरून वाचताना ॲक्सेस व्हायोलेशन झालं. घटना एकच, पण प्रत्येकाच्या हातातली माहिती वेगळी आहे. विंडोजच्या एक्सेप्शन रेकॉर्डमध्ये वाचताना झालं की लिहिताना हे सरळ लिहिलेलं असतं: पहिल्या पॅरामीटरमध्ये शून्य म्हणजे वाचन, १ म्हणजे लेखन, आणि ८ म्हणजे चालवायला बंदी असलेल्या जागेतला कोड चालवायला गेला. लिनक्स सिग्नलसोबत एक उपकोड देतो: १ म्हणजे त्या पत्त्यावर काहीच मॅप केलेलं नाही (मेमरी जोडलेलीच नाही), २ म्हणजे मॅप आहे पण परवानगी नाही. मॅकचा कर्नलही साधारण हाच फरक आपल्या कोड १ आणि २ मधून सांगतो.

इथे टेबलवाले लोक तिघांत जे समान आहे तेवढंच ठेवतात: मेमरी ॲक्सेस चुकला. म्हणजे विंडोजवाल्याला आयतं मिळत होतं ते वाचन-लेखन गेलं, लिनक्सवाल्याचं मॅप आहे की नाही ते गेलं. सारखेपणाच्या नावाखाली तिघांनाही गरीब केलं. उलट करा. वाक्याचा साचा एक ठेवा, त्यात रकाने ठरवा (थ्रेड, घटनेचा प्रकार, पत्ता, कृती, कारण), आणि ज्या ओएसकडे ज्या रकान्याची माहिती आहे तेवढे भरा. रकाना रिकामा असेल तर तो गाळा, अंदाजाने भरू नका. शेवटी चौकटी कंसात ओएसचं मूळ नाव आणि आकडा. मेसेज अर्थातच इंग्रजीत असेल, पण मराठीत त्याचा बाज असा: थ्रेड १ थांबला, अवैध मेमरी ॲक्सेस, पत्ता शून्य, वाचताना, [विंडोज: सी००००००५]. लिनक्सवर याच वाक्यात ‘वाचताना’च्या जागी ‘मॅप नसलेला पत्ता’ येईल आणि कंसात सिगसेगव्ही.

कंसातला तो तुकडा अनेकांना शोभेचा वाटतो आणि नव्या रचनेत तो पहिल्यांदा उडतो. तो उडू देऊ नका. वापरणारा इंटरनेटवर शोधतो ते सिगसेगव्ही किंवा सी००००००५, तुमचं ‘अवैध मेमरी ॲक्सेस’ नव्हे. ग्राहकाकडून आलेल्या क्रॅश रिपोर्टमध्ये, कर्नलच्या लॉगमध्ये, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेच नाव असतं. जीडीबीने इथे दुसरा रस्ता धरलेला आहे: विंडोजवर चालतानाही तो ॲक्सेस व्हायोलेशनचं भाषांतर सिगसेगव्ही असं करून दाखवतो. लिनक्सवरून आलेल्या माणसाला ते घरचं वाटतं, पण जन्मभर विंडोजवर काम केलेला माणूस गोंधळतो, कारण त्याच्या ओएसमध्ये त्या घटनेला कोणी त्या नावाने ओळखत नाही. मूळ एक्सेप्शन रेकॉर्ड सिगइन्फोच्या व्हेरिएबलमधून बघता येतो, नाही असं नाही, पण तो मागायला आधी तो आहे हे माहीत असावं लागतं. माझ्या मते जीडीबीची निवड त्याच्या इतिहासाला धरून आहे (१९८६ साली युनिक्सच्या जगात जन्मलेलं ते साधन), नव्याने लिहिणाऱ्याने ती उचलायचं कारण नाही.

आता ज्या उदाहरणामुळे मी सरसकट टेबलाच्या विरोधात आहे ते. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर सगळे ६४ बिट पत्ते म्हणून चालत नाहीत. नेहमीच्या चार पातळ्यांच्या पेजिंगमध्ये (पत्ते खऱ्या मेमरीशी जोडायच्या पद्धतीत) वरचे १६ बिट ४७व्या बिटाची नक्कल असावे लागतात. तसे नसतील तर तो पत्ता अप्रमाण. फ्री केलेल्या मेमरीत कचरा भरलेला असताना त्यातला पॉइंटर वापरला की असा पत्ता सहज तयार होतो. मग प्रोसेसर नेहमीचा पेज फॉल्ट न देता जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो, आणि या फॉल्टसोबत तो पत्ता कळवत नाही. ओएसला पत्ता माहीतच नाही, तरी तिला रकाना भरायचा असतो. लिनक्स सिगसेगव्ही देतो आणि पत्त्याच्या जागी शून्य ठेवतो, उपकोड मात्र वेगळा, म्हणजे कर्नलने पाठवला असं सांगणारा १२८. विंडोज तेच सी००००००५ देते, म्हणते वाचताना झालं, आणि पत्ता म्हणून सगळे एफ. इंटेल मॅकवर एलएलडीबी बॅड-ॲक्सेससोबत जीपीएफएलटी असा कोड दाखवतो आणि पत्ता दाखवतच नाही.

आता टेबल लावा. लिनक्सवर पत्ता शून्य आहे, म्हणून तुमचा डीबगर आत्मविश्वासाने छापणार: नल पॉइंटर. वापरणारा पॉइंटर बघतो, त्यात भलताच मोठा आकडा आहे, नल नाही. त्याचा एक तर डीबगरवरचा विश्वास उडतो, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांवरचा. विंडोजवर सगळे एफ, म्हणजे उणे एक, बघून लोक उणे एकने भरलेलं हँडल (फाइलसारख्या गोष्टीसाठी ओएसने दिलेला क्रमांक) शोधत बसतात. सारखेपणाचा खरा उपयोग नेमका इथे आहे. तिन्हीकडे वाक्य एकच असावं: अवैध मेमरी ॲक्सेस, पत्ता प्रोसेसरने कळवला नाही, बहुधा अप्रमाण पत्ता. यातला एकही शब्द कुठल्याही ओएसने दिलेला नाही, आणि तरी तीनही ओएसच्या मेसेजपेक्षा तो खरा आहे. पुढे जाऊन थांबलेल्या इन्स्ट्रक्शनचे ऑपरँड (ती ज्यांवर काम करते ती मूल्यं) वाचा, रजिस्टरमधून पत्ता स्वतः काढा आणि तो ‘इन्स्ट्रक्शनवरून काढलेला’ असं लिहून दाखवा. हे काम कष्टाचं आहे, पण मेसेजच्या सारखेपणावर एक महिना खर्च करायचा असेल तर त्यातले तीन आठवडे मी इथे घालीन.

नल पॉइंटरचं अनुमानही नीट बांधावं लागतं. स्ट्रक्चरच्या आतला सदस्य नल पॉइंटरमधून वाचला तर पत्ता शून्य नसतो, २४ किंवा १३६ असा छोटा आकडा असतो. किती छोटा म्हणजे नल, याची सीमा ओएसनुसार वेगळी ठेवायचा मोह होतो, कारण विंडोजवर सुरुवातीचे ६४ केबी राखीव असतात आणि ६४ बिटांच्या मॅकवर चक्क पहिले ४ जीबी मोकळे सोडलेले असतात. मोह टाळा. ४०९६ बाइटची एकच सीमा तिन्हीकडे लावा. काही खरे नल सुटतील, चालेल. पण वाक्यात ‘बहुधा’ हा शब्द हवाच आणि तो तिन्हीकडे सारखा हवा. वापरणाऱ्याला सवय लागली पाहिजे की ‘बहुधा’ दिसलं की ते डीबगरचं मत, नाही दिसलं की ओएसची माहिती. एवढी एक सवय लागली तरी मेसेजवरची मेहनत वसूल झाली.

ओएसची नावं स्वतःच दिशाभूल करतात अशाही काही जागा आहेत. पूर्णांकाला शून्याने भागलं की लिनक्सवर सिगएफपीई येतो आणि ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) त्याचं वर्णन करते ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’. प्रोग्राममध्ये फ्लोट (अपूर्णांकी आकडा) नावाला नसतो. जीडीबीने स्वतःच्या सिग्नल टेबलमध्ये हे वर्णन बदलून अंकगणिती एक्सेप्शन अशा अर्थाचं केलंय, ते योग्य केलंय. विंडोज मात्र पूर्णांकाच्या भागाकारासाठी स्वतंत्र आकडाच ठेवते. तेव्हा साचा एक, ‘पूर्णांकाला शून्याने भागाकार’, कंसात मूळ नाव. पण हे लिहिताना विसरू नका की ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर प्रोसेसर या भागाकाराला थांबतच नाही. एआर्म-६४ मध्ये (त्या प्रोसेसरच्या रचनेत) उत्तर गुपचूप शून्य येतं आणि प्रोग्राम पुढे जातो. त्यामुळे ‘तिन्हीकडे हाच मेसेज दिसेल’ असं पुस्तिकेत छापलंत तर एक दिवस कोणीतरी बग नोंदवणार की मॅकवर डीबगर थांबत नाही.

ट्रॅपचंही तसंच. क्लँग कंपायलरचा बिल्टिन ट्रॅप (प्रोग्राम मुद्दाम तिथेच थांबवणारी सोय) इंटेलवर अवैध इन्स्ट्रक्शन टाकतो, एआर्म-६४ वर ब्रेक इन्स्ट्रक्शन टाकतो. त्यामुळे ॲपलच्या स्विफ्ट भाषेत निल (रिकामी किंमत) अनरॅप केल्यावर जुन्या मॅकवर ‘बॅड इन्स्ट्रक्शन’ दिसायचं आणि नव्यावर ‘ब्रेकपॉइंट’ दिसतं. ब्रेकपॉइंट हा शब्द इथे फारच वाईट, कारण वापरणाऱ्याने तिथे ब्रेकपॉइंट लावलेलाच नसतो. तुमच्या डीबगरला आपण लावलेले ब्रेकपॉइंट कुठले हे पक्कं माहीत असतं. त्या यादीत तो पत्ता नसेल तर ब्रेकपॉइंट हा शब्द वापरायचाच नाही, ‘प्रोग्राम ट्रॅपवर थांबला’ म्हणायचं.

आणि विंडोजचा सी००००४०९. याचं अधिकृत नाव स्टॅक बफर ओव्हररन. नव्या सी रनटाइममध्ये साधा अबॉर्ट केला तरी फास्ट-फेलच्या (प्रोग्राम ताबडतोब बंद पाडायच्या) वाटेने हाच आकडा येतो, सोबत ७ हा उपकोड, ज्याचा अर्थ प्रोग्रामने स्वतःच मरण मागितलं. नाव वाचून माणूस बफर शोधत बसतो. लिनक्स-मॅकवर याच अबॉर्टला सिगॲबर्ट येतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही. म्हणून सी००००४०९ दिसला की उपकोड वाचल्याशिवाय वाक्य करू नका. ७ असेल तर ‘प्रोग्रामने अबॉर्ट केला’, म्हणजे इतर दोघांसारखंच.

हे सगळं कोडमध्ये कुठे ठेवायचं, यावर तुमचं पुढचं सुख-दुःख अवलंबून आहे. बहुतेक डीबगरमध्ये ओएसशी बोलणारा थर वेगळा असतो आणि सगळी वाक्यं नेमकी तिथेच जन्मतात. लिनक्सचा भाग लिहिणाऱ्याने एक वाक्य लिहिलं, विंडोजचा भाग लिहिणाऱ्याने दुसरं, आणि वरच्या थराला मिळते ती तयार स्ट्रिंग. ती एकदा तयार झाली की तिच्यातून माहिती परत काढता येत नाही. नियम एकच लावा: ओएसच्या थराने वाक्य करायचं नाही, फक्त रकाने भरून द्यायचे. वाक्य वर, एकाच फाइलमध्ये. ही कल्पना नवी नाही. जीडीबीच्या मशीन इंटरफेसमध्ये थांबण्याचं कारण, सिग्नलचं नाव आणि सिग्नलचा अर्थ असे तीन वेगळे रकाने आहेत. व्हीएस कोडसाठी तयार झालेल्या डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉलमध्येही थांबल्याच्या इव्हेंटला ठरावीक शब्दांतलं रीझन वेगळं आणि माणसाला दाखवायचं डिस्क्रिप्शन वेगळं. प्रोग्रामने रीझन वाचायचं, माणसाने डिस्क्रिप्शन. दोन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबलं की ती स्ट्रिंग पुढे कोणालाच बदलता येत नाही.

थर वेगळे न ठेवल्याने येणारा सगळ्यात वाईट बग रिमोट डीबगिंगमध्ये दिसतो. वापरणारा विंडोजवर बसलाय, प्रोग्राम लिनक्सवर चालतोय. ज्यांनी मेसेज कंपाइल करतानाच्या इफडेफने निवडलेत त्यांचा डीबगर लिनक्सच्या प्रोग्रामबद्दल विंडोजच्या भाषेत बोलतो. इथे दोन ओएस आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. सिग्नल, एक्सेप्शन, लायब्ररीचं एक्स्टेंशन, प्रोसेसमधले पत्ते ही टार्गेटची (प्रोग्राम चालतोय त्या मशीनची) बाब. शॉर्टकट, सोर्स फाइलचा पाथ, ‘फोल्डरमध्ये दाखवा’ ही बसलेल्या माणसाच्या मशीनची बाब. प्रत्येक मेसेजसाठी हे ठरवून लिहून ठेवावं लागतं आणि निर्णय रनटाइमला व्हावा लागतो. सिग्नलचे आकडे तर कधीच कच्चे पाठवू नयेत. इंटेल लिनक्सवर बस एररचा आकडा ७, मॅकवर १०. लिनक्सवर १० म्हणजे युझर-वन सिग्नल, जो प्रोग्रामने स्वतःच्या सोयीसाठी वापरलेला असतो आणि ज्यात काहीही बिघडलेलं नसतं. जीडीबीने म्हणूनच रिमोट प्रोटोकॉलसाठी स्वतःची आकडेवारी ठेवली आहे आणि तीत १० म्हणजे बस एरर. जो सर्व्हर लिहिणारा हे न वाचता लिनक्सचा १० तसाच पाठवतो, त्याच्या वापरकर्त्याला साध्या सिग्नलच्या जागी बस एरर दिसतो.

ओएसने दिलेल्या एरर-वाक्यांबद्दल. फाइल सापडली नाही, एवढीच गोष्ट घ्या. युनिक्सवर स्ट्रएरर या फंक्शनकडून एक वाक्य येतं, विंडोजवर फॉरमॅट-मेसेजकडून दुसरं, आणि त्या दुसऱ्याच्या शेवटी पूर्णविराम आणि नवी ओळ चिकटून येते. ती न छाटता मेसेजच्या मध्ये घातली की वाक्य दोन ओळींत तुटतं. शिवाय विंडोज जर्मन असेल तर वाक्य जर्मनमध्ये येतं. एलएलव्हीएमच्या (क्लँग आणि एलएलडीबी ज्यात येतात त्या प्रकल्पाच्या) टेस्टमध्ये या त्रासापायी ‘फाइल नाही’ या एररसाठी एक बदली-चिन्ह ठेवावं लागलंय, कारण तेच वाक्य लिनक्सवर मोठ्या अक्षराने सुरू होतं, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत छोट्या अक्षराने, आणि आयबीएमच्या झेड-ओएसवर तर आधी एक क्रमांकच येतो. उपाय सोपा: आधी तुमचं स्वतःचं पूर्ण वाक्य, कुठली फाइल, कशासाठी हवी होती हे सांगणारं. मग विसर्गचिन्ह, मग ओएसचं वाक्य छाटून, आणि आकडा. टेस्टमध्ये पहिला भाग आणि आकडा तपासा, ओएसचं वाक्य तपासू नका.

आधीच चालू असलेल्या प्रोसेसला अटॅच करायला (डीबगर जोडायला) नकार मिळाला की मात्र सारखेपणाचा आग्रह सोडा. पहिलं वाक्य एकच असू द्या, ‘प्रोसेस ४२१७ ला अटॅच करता आलं नाही’. पण पुढचा सल्ला तिन्हीकडे पूर्ण वेगळा आहे आणि तसाच असायला हवा. लिनक्सवर बहुतेक वेळा यामा या सुरक्षा मॉड्यूलची पीट्रेस-स्कोप ही सेटिंग आडवी येते. उबुंटूवर ती मूळचीच १ असते, म्हणजे आपल्या मुलांव्यतिरिक्त (आपण सुरू केलेल्या प्रोसेस सोडून) दुसऱ्या प्रोसेसला हात लावू देत नाही. मॅकवर डीबगरवर सही आणि परवाना आहे का, टार्गेटने डीबग करू द्यायची सवलत घेतली आहे का, आणि तो ॲपलचाच सिस्टिम प्रोग्राम तर नाही ना, हे पाहावं लागतं. विंडोजवर दुसऱ्या खात्याची किंवा सर्व्हिसची प्रोसेस असेल तर डीबग प्रिव्हिलेज लागतो. यावर ‘पुरेशी परवानगी नाही, ॲडमिन म्हणून चालवा’ असं एकच वाक्य लावणारे डीबगर आहेत. मॅकवर सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन हे संरक्षण रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही) जुमानत नाही, म्हणजे तो सल्ला तिथे निव्वळ खोटा. आणि लिनक्सवर त्या सल्ल्याने माणूस सगळा डीबगर रूटने चालवायला शिकतो, जे त्याहून वाईट.

उरलेल्या बारीक गोष्टी भराभर सांगतो. पॉइंटर छापायला सीचा पी-फॉरमॅट वापरू नका: ग्लिबसी नलला कंसात ‘निल’ छापते, मायक्रोसॉफ्टची लायब्ररी मोठ्या अक्षरांत सोळा आकडे आणि पुढे शून्य-एक्स नाही. स्वतःचं एक फंक्शन लिहा, छोटी अक्षरं, शून्य-एक्ससकट. एक्झिट कोड दशमानमध्ये दाखवा. जीडीबी तो अष्टमानमध्ये छापतो, म्हणजे प्रोग्राम १० देऊन संपला तर १२ दिसतं, आणि हे माहीत नसलेले लोक अजून भेटतात. विंडोजवर कोड ३२ बिटांचा असतो, तेव्हा मोठा आकडा असेल तर सोबत हेक्सही द्या. ३२२१२२५४७७ बघून कोणालाही काही कळत नाही, उणे १०७३७४१८१९ बघून तर नाहीच, सी००००००५ बघून कळतं. लायब्ररीला मॉड्यूल म्हणा, इमेज म्हणा, शेअर्ड लायब्ररी म्हणा, पण एकच म्हणा. मी मॉड्यूल घेईन, कारण त्यात मुख्य एक्झिक्युटेबलही बसतं. जीडीबीत एकच थ्रेड असताना ‘ब्रेकपॉइंट १’ आणि जास्त असले की ‘थ्रेड १ ला ब्रेकपॉइंट १ लागला’ असं येतं. विंडोजवर साध्या प्रोग्राममध्येही लोडरचे जादा थ्रेड असतात, त्यामुळे तिथे नेहमी दुसरं रूप दिसतं आणि टेस्ट पडतात. थ्रेडचा क्रमांक नेहमीच छापा, प्रश्न मिटतो.

शॉर्टकट मात्र जबरदस्तीने सारखे करू नका. मॅकवर एफ-११ हे मूळचं डेस्कटॉप दाखवायचं बटण आहे आणि एक्सकोडच्या लोकांच्या बोटांना पुढे जायला एफ-६, आत शिरायला एफ-७ ची सवय आहे. कमांडचं नाव सारखं ठेवा, बटण त्या-त्या ओएसचं. ‘फाइंडरमध्ये दाखवा’ आणि ‘एक्सप्लोररमध्ये दाखवा’ हेही तसंच, तिथे स्थानिक नावच बरं. मॅकने २०२२ मध्ये ‘प्रेफरन्सेस’चं ‘सेटिंग्ज’ केलं तेव्हापासून तेवढा एक भेद आपोआप मिटलाय.

मराठी किंवा हिंदी वापरकर्ते असतील तर दोन गोष्टी लगेच तपासा. फोल्डरचं नाव ‘प्रकल्प’ असेल तर डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते सात कोडपॉइंट आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. जे डीबगर बाइट मोजून रकाने जुळवतात किंवा एररखाली बाण काढतात त्यांचा बाण कुठल्या कुठे जातो, आणि विंडोजच्या कन्सोलचं कोडपेज यूटीएफ-८ नसेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हंच दिसतात. दुसरं, मेसेजचं भाषांतर कधीतरी होणार असेल तर वाक्य तुकड्यांनी जोडू नका. इंग्रजीत नाव बदललं तरी क्रियापद तेच राहतं, म्हणून ‘अमुक’ अधिक ‘थांबला’ असा कोड सहज लिहिला जातो. मराठीत थ्रेड थांबला, पण प्रोसेस थांबली. प्रत्येक नावासाठी पूर्ण वाक्य वेगळं ठेवलं की भाषांतर करणाऱ्याला हात मोकळे राहतात.

आता क्रम. वाक्यांना हात लावण्याआधी रकाने आणि प्रत्येक मेसेजला एक कायमचा ओळख-क्रमांक आणा, कारण तुमचे जुने वापरकर्ते आजच्या वाक्यांवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून स्क्रिप्ट चालवत आहेत, हे गृहीत धरा. ते तक्रार करणार नाहीत, त्यांचं रात्रीचं बिल्ड फक्त एके दिवशी बंद पडेल. ओळख-क्रमांक एका आवृत्तीत द्या, पुढच्या आवृत्तीत वाक्यं बदला, आणि मधल्या काळात जुनी वाक्यं परत आणणारी एक सेटिंग ठेवा. एका आवृत्तीनंतर ती काढा, नाहीतर ती कायमची गळ्यात पडते.

तपासायला छोटे-छोटे प्रोग्राम करा आणि तेच सोर्स तिन्ही ओएसवर, इंटेल आणि एआर्म दोन्हींवर चालवा: नलमधून वाचन, नलमध्ये लेखन, अप्रमाण पत्ता, शून्याने भागाकार, अबॉर्ट, बिल्टिन ट्रॅप, १० देऊन संपणारा प्रोग्राम, आणि अमर्याद रिकर्शन (स्वतःलाच बोलावत राहणारं फंक्शन, ज्याने स्टॅक ही मेमरी संपते). शेवटचा मुद्दाम घाला. स्टॅक संपल्याचं विंडोज स्वतंत्र आकड्याने सांगते, सी०००००एफडी. लिनक्सवर साधा सिगसेगव्ही येतो आणि मॅकवर कोड २ चा बॅड-ॲक्सेस, म्हणजे दोघांनाही स्टॅकचं नाव ठाऊक नाही. तिथे चुकलेला पत्ता स्टॅक पॉइंटरच्या जवळ आहे का आणि थ्रेडच्या स्टॅकच्या टोकाला लागून आहे का हे तुम्हालाच बघावं लागतं. विंडोजवर वाक्य ‘स्टॅक संपला’, इतर दोघांवर ‘बहुधा स्टॅक संपला’. टेस्टमध्ये हा एका शब्दाचा फरक बघून कोणीतरी तो पुसायला निघेल, तेव्हा त्या ओळीवर कॉमेंट लिहून ठेवा की हा फरक जाणूनबुजून ठेवलेला आहे.